सात मडक्यांवरची माती

(सन १९८७, मे महिन्याचा शेवटचा आठवडा. हळर्ण, तालुका पेडणे. सत्यवतीच्या घराची मागची पडवी.)

वैशाली : घमेली नकोत मला, मावशी. घमेल्यांतली माती कुठं आहे?

सत्यवती : घमेली धुवून पालथी घातलीत, ती बघ. सहा महिन्यांत एकालाही गंज चढू दिला नाही मी.

वैशाली : तीन घमेली माती होती. वर गोणपाट होतं. नोव्हेंबरात जाताना मी खडूनं आकडे लिहून ठेवले होते. एक, दोन, तीन.

सत्यवती : हो तर. आकडे मी पुसले नाहीत हां. पाण्यानं गेले असतील.

वैशाली : मावशी, माती!

सत्यवती : अगो, बस आधी. बसमधून उतरलीस ती थेट मागच्या पडवीत. चपलासुद्धा काढल्या नाहीस. पाणी तरी पी.

वैशाली : पिते. माती कुठं गेली ते सांगा की.

सत्यवती : गेली कुठं नाही, घरातच आहे. दिवाळी झाली की मी बियाणाची मडकी बंद करते ना. तोंडावर करवंटी ठेवायची आणि वरून माती लिंपायची. वाऱ्याला शिरायला जागा नको. त्याला रोयणीची माती लागते. रोयण म्हणजे वारूळ गो, वरच्या डोंगरावर असतात. गेल्या साली माझा गुडघा धरला होता. डोंगर कोण चढणार? आणि इथं पडवीत तीन घमेली माती. चाळलेली, लोण्यासारखी, एक खडा नाही.

वैशाली : ती मी चाळली होती! तीन दिवस बसून!

सत्यवती : म्हणून तर म्हटलं, पोरीचा हात चांगला आहे.

वैशाली : अहो, पण मी ठेवून गेले होते ना ती?

सत्यवती : तू ठेवून गेलीस, पण मला काय वाटलं ते ऐक. पावसाळाभर तू काय बघत होतीस? मळ्याच्या खड्ड्यातल्या डासांच्या अळ्या. आणि त्या अळ्यांच्या पोटातला तो पांढरा किडा, धाग्यासारखा. मलाही दाखवलास भिंगातून. बरोबर? मग पाऊस गेला, खड्ड्यातलं पाणी आटलं. पाणी नाही तर डासाची अळी नाही. अळी नाही तर तिच्या पोटातला किडा कुठला? संपलं सगळं. उरली ती माती. मी म्हटलं, हिचं काम झालं, आता माझं होऊ दे.

वैशाली : संपत नाही ओ! तेच तर माझं काम. किडा अळीला मारून बाहेर पडतो आणि चिखलात उतरतो. तिथं अंडी घालतो. खड्डा आटतो, चिखलाची माती होते, आणि ती अंडी पुढच्या पावसाची वाट बघत मातीत पडून राहतात. असं आम्हाला वाटतं. ते दाखवायचं होतं मला, त्या मातीतून.

सत्यवती : अंडी होती त्या मातीत?

वैशाली : डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक. हजारो.

सत्यवती : आणि मी ती मडक्यांना लिंपली. आणि उरलेली... उरलेली चुलीला लिंपली गो मी.

वैशाली : चुलीला.

सत्यवती : तू नेलीस ना थोडी बरोबर? पिशवी भरून नेली होतीस.

वैशाली : नेली होती. संस्थेत कुणीतरी बुरशी येऊ नये म्हणून भट्टीत वाळवली. पापडासारखी. त्यातून काय येणार?

सत्यवती : घ्या. म्हणजे शिकलेल्यांनीही चुलीतच घातली. मग त्याच खड्ड्यातली नवीन माती घे. मी येते टोपली घेऊन.

वैशाली : हो, आता तेवढाच मार्ग आहे. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत दीडशे खड्डे पालथे घातले मी. साखळीच्या खाणीचे तांबडे खड्डेसुद्धा. डास सगळीकडे, पण हा किडा फक्त तुमच्या मळ्याच्या खड्ड्यात. चला, आत्ताच जाऊ.

सत्यवती : आत्ता नको. म्हणजे... तो बघ, भिकाजी आला. त्याच्या तोंडूनच ऐक.

भिकाजी : वयनी, पिंप परत उघडा ठेवलात? तुमका सांगून सांगून माझी जीभ झिजली. आँ, म्याडम! कधी इलात?

वैशाली : आत्ताच, भिकाजीभाऊ. अजून पिंपं उलटी करत फिरता?

भिकाजी : मलेरिया खात्याचो माणूस, दुसरा काय करतलो? बांद्यासून हय इलंय ता काय डासांका ओवाळूक?

सत्यवती : भिकाजी, हिला मळ्याच्या खड्ड्याचं सांग. जांभळीखालच्या.

भिकाजी : तो होय? तो शिमग्यातच भरलो. चार ट्रक मुरूम घातलो. आता वरसून टेम्पो जाता. साहेबान माझी पाठ थोपटली.

वैशाली : भरला?

भिकाजी : हुकूम इलो, साचल्या पाण्याचे खड्डे बुजवा. मी सगळ्यात पयलो तोच बुजवलंय. म्हटलंय, म्याडम चार महिने गुडघाभर चिखलात उभी ऱ्हवली, तिचा काम हलका करूया.

सत्यवती : अगो, खाली का बसलीस? पाट तरी घे.

भिकाजी : काय चुकला काय माझा?

वैशाली : नाही. तुमचं काम तुम्ही केलंत. माझं बुडालं, एवढंच. तीस जूनला माझी मुदत संपते. हा किडा उन्हाळा काढून परत येतो हे दाखवलं, तर पुढची दोन वर्षं काम चालू. नाही तर काम बंद, खोली सोडायची आणि गडहिंग्लजला परत जायचं.

सत्यवती : खोली सोडायची? माझी खोली सोड म्हणून सांगणारा तुझा साहेब कोण?

भिकाजी : वयनी, ता तुमी साहेबाक सांगा. माका कित्याक डोळे मोठे करतास?

वैशाली : मावशी, एक मिनिट. मडकी तुम्ही कधी उघडता?

सत्यवती : मृग लागला, चांगले दोन पाऊस झाले, की मग.

वैशाली : म्हणजे अजून उघडली नाहीत.

सत्यवती : नाही. सातही तशीच आहेत, भाताच्या खोलीत. तिथं ऊन शिरत नाही.

वैशाली : वरची माती तशीच आहे?

सत्यवती : तशीच. वाळून टणक झालीय, पण फुटली नाही. कोंडा घातला होता मळताना.

वैशाली : मावशी, मला ती सात झाकणं द्या.

भिकाजी : पण वयनी, आत्ता मडकी उघडलात तर बियाणाक हवा लागतली. पावसाक अजून पंधरा दिवस.

सत्यवती : तू पिंप बघायला आलास ना? मग पिंप बघ. बाय, तो पाट दे इकडे, आणि ती सुरी आण. कडेनं हळू सोडवायला लागेल, भाकरी सोडवतात तशी.

* * *

भिकाजी : आज कितवो दिवस?

वैशाली : बारावा.

भिकाजी : आणि?

वैशाली : काही नाही. सात मडक्यांची माती मातीच्या सात पसरट परळांत भिजवली. बारा दिवस पाण्याखाली आहे. तुम्ही आणून दिलेल्या अळ्या मजेत पोहतायत. एकीच्याही अंगात किडा नाही.

भिकाजी : धा वर्सां नोकरी केलंय, पण डासांची पोरां पाळूची पाळी ह्या साली इली. पँटीच्या खिशात बाटली, बाटलीत अळयो. वाटेत आमचो इन्स्पेक्टर भेटलो. माका वाटला, आता खिसो वळवळतलो.

सत्यवती : वर लुगड्याचं फडकं नीट बांध रे. एक डास सुटला तर तुझंच नाव.

भिकाजी : वयनी, तुमी म्याडमवांगडा अगदी पुस्तकातला मराठी बोलतास. आणि आता तर कोकणी राजभाषा झाली.

सत्यवती : चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेय मी. आपल्यात आपली बोली, पोथी मराठी, आणि ही पोर आल्यापासून दोन्हींचं कालवण. तिकडे पणजीत भांडू देत. माझ्या चुलीवर दोन्ही शिजतात.

भिकाजी : राज्य पण झाला म्हणतत. दिल्लीसून माणसां इली, भाषणां झाली. पण माझो फवारणीचो पंप बघा, अजून केंद्रशासितच. गळता थयच गळता.

सत्यवती : बघ, हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

वैशाली : हसते, पण सोमवारच्या बसनं जाते मी. साहेबांना सांगते, झालं नाही. लपवून काय उपयोग?

सत्यवती : आज शनिवार. तीस तारखेला अजून तीन आठवडे आहेत.

वैशाली : तीन आठवडे बसून काय करू? अंडी जिवंत असती तर एव्हाना फुटली असती. पाणी आहे, ऊब आहे, खायला अळ्या आहेत. आणखी काय हवं त्यांना?

सत्यवती : मला काय विचारतेस? माझ्या डोळ्यांना ती दिसतही नाहीत. पण एक सांगू?

वैशाली : सांगा.

सत्यवती : वैशाखात इथं एक पाऊस येतो. कधी दोन. जोरात येतो, खड्डे भरतो, बेडूक ओरडायला लागतात. आणि मग आठ-दहा दिवस पुन्हा रखरखीत ऊन. मी लग्न होऊन आले त्या साली त्या पावसाला भुलले. अळसांदे, भेंडी, दोडकी, सगळं बी पेरून मोकळी झाले. सासूला दाखवायचं होतं ना, सून कशी तरतरीत आहे. चार दिवसांत हिरवंगार. आठव्या दिवशी सगळं जळालं. सासूनं वेगळं राखून ठेवलेलं मूठभर बी काढलं, तेच जास्त लागलं. तेव्हापासून पहिल्या पाण्याला मी बोटभर बीसुद्धा बाहेर काढत नाही.

वैशाली : पण हे बियाणं नाही, मावशी. अंडी आहेत.

सत्यवती : अंडी तर अंडी. ती त्या खड्ड्यात किती वर्षं राहतायत? तुझ्याआधीपासून, माझ्याआधीपासून. वैशाखातल्या पावसाला भुलणारी असती तर कधीच संपली असती. मी एका वर्षात शहाणी झाले, त्यांना इतक्या वर्षांत एवढं कळलं नसेल?

भिकाजी : वयनी बराबर सांगतत. पाणी वतूया, वाळवया, आणि परत पाणी घालूया.

वैशाली : असं अंदाजानं होत नाही, भिकाजीभाऊ. आणि मला आता आशा लावून घ्यायची नाही. परवा जाते. परळ रिकामे करून धुवून ठेवा, मावशी.

सत्यवती : नाही हां. यंदा मी काहीही धुणार नाही.

* * *

सत्यवती : हळू ठेव. हळू! पाणी हिंदकळलं की माती वर येते, मग दिसत नाही.

भिकाजी : ठेवलंय. आता सांगा, कितके दिवस झाले?

सत्यवती : मोजलेत मी. ती गेली त्या संध्याकाळी पाणी ओतलं. आठ दिवस न्हाणीमागं सावलीत वाळत ठेवलं, गोणपाट घालून. मग पाणी भरलं. तू अळ्या आणल्यास गुरुवारी. आज आठवा दिवस.

भिकाजी : खात्यात कळला तर माका घराक धाडतले. भायर धो धो पाऊस, सगळो तालुको तापान आजारी पडू नये म्हणान मी फिरतंय, आणि हय तुमच्या न्हाणीमागं माझ्याच हातान डासांचो पाळणो हलवतंय.

सत्यवती : कळलं तर माझं नाव सांग. म्हण, म्हाताऱ्या बाईनं शपथ घातली.

भिकाजी : तुमी म्हाताऱ्यो? पन्नास तरी झाली काय?

सत्यवती : पन्नास झाली. गप्प बस आणि ते भिंग दे. पोरीनं भिंग इथंच टाकलं. विसरली म्हणायची.

भिकाजी : इसारली नाय. माका इचारलास तर मुद्दाम ठेवला.

सत्यवती : मला पण तसंच वाटलं. पेटीत घातलेली कुंकवाची डबी दोनदा तपासून बघणारी पोर ती. हं. ह्या परळात नाही. ह्यात... नाही. ह्या दोन्हींत नसणारच.

भिकाजी : कित्याक?

सत्यवती : त्या दोन मडक्यांच्या मातीत मी राख घातली होती. तिला सांगितलं नाही. आधीच एवढी रडवेली झाली होती.

भिकाजी : वयनी!

सत्यवती : ओरडू नको. पुढचा सरकव. ही अळी बरी. ही पण... थांब. थांब रे.

भिकाजी : काय?

सत्यवती : हे भिंग तू धर. ती कोपऱ्यातली अळी बघ. जरा सुस्त आहे ती. डोक्याच्या मागं, छातीत. काय दिसतं?

भिकाजी : केस अडकलोहा काय तेच्यात?

सत्यवती : पांढरा केस कुठून येणार? माझा म्हणशील तर मी पदर घेतलाय.

भिकाजी : गुंडाळलोहा. आणि... हलता! वयनी, हलता तो! भितरच्या भितर फिरता!

सत्यवती : तोच. अगदी तोच. गेल्या श्रावणात तिनं मला असाच दाखवला होता. शेवयासारखा. माका तेव्हा शिसारी आली होती, दोन दिवस शेवया खाल्ल्या नाहीत मी. आज बघ, डोळ्यांत पाणी येतंय.

भिकाजी : आणि ही दुसरी. हिच्यात पण. ह्या बाजूक आणखी एक.

सत्यवती : सगळ्या परळांत बघ. राखेचे सोडून.

भिकाजी : पाचांतल्या चारांत तरी हत. ह्या पाचव्यात पण... होय, हा.

सत्यवती : आज तारीख किती?

भिकाजी : पंचवीस.

सत्यवती : सायकल काढ. पेडण्याच्या पोस्टात जा, तार कर.

भिकाजी : ह्या पावसात?

सत्यवती : तुझा पंप गळतो तेवढासुद्धा पाऊस नाही. तारेत लिही, किडा आला. दुसऱ्या पाण्याला आला. पाच परळ. जिवंत. ताबडतोब ये. सत्यवती.

भिकाजी : पोस्टातलो कृष्णनाथ माका इचारतलो, ह्या काय? कसलो किडो? तो आधीच संशयी.

सत्यवती : सांग त्याला, घरात आनंदाची बातमी आहे.

भिकाजी : किडो इलो, ही आनंदाची बातमी?

सत्यवती : आहेच. जा.

* * *

वैशाली : एकशे सहा अळ्या तपासल्या. एकोणीस जणींत किडा. राखेच्या दोन्ही परळांत शून्य.

सत्यवती : राखेचं भिकाजीनं सांगितलं वाटतं.

वैशाली : बसस्टँडवरच सांगितलं. पण राखेनं माझा फायदाच झाला. बाकीच्यांत आहे आणि राखेत नाही, म्हणजे किडा मातीतूनच आला. पाण्यातून नाही, भिकाजीभाऊंच्या बाटलीतून नाही. साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

सत्यवती : तुझे साहेब काय म्हणाले? सगळं सांग. मधलं गाळू नको.

वैशाली : मी रजेचा अर्ज लिहीत होते. तार आली. साहेबांनी तीनदा वाचली. म्हणाले, दुसऱ्या पाण्याला म्हणजे काय? मी तुमच्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. अळसांद्यांसकट.

सत्यवती : अगो! सासूची गोष्ट साहेबांना?

वैशाली : खुर्चीत मागं टेकून ऐकली त्यांनी. मग म्हणाले, ही सत्यवती कोण? कुठल्या विद्यापीठातली?

सत्यवती : मग?

वैशाली : म्हटलं, हळर्णच्या.

भिकाजी : शाबास!

वैशाली : आता परत परत करून बघायला लागणार आहे. पहिलं पाणी पडलं की अंड्याच्या आत पिल्लू तयार होत असावं, पण फुटत नसावं. खड्डा एकदा आटून पुन्हा भरला, की मगच बाहेर. कदाचित सगळी तेव्हाही फुटत नसतील. थोडी तिसऱ्या पाण्यासाठीही राखून ठेवत असतील. एवढंच शोधायला दोन वर्षं पुरायची नाहीत.

सत्यवती : पण मिळाली ना दोन वर्षं?

वैशाली : मिळाली. पत्रच घेऊन आलेय, फक्त आजचे आकडे तारेनं कळवायचे.

सत्यवती : मग ती पेटी इथं पडवीत कशाला? आत ने. खाटेला नवीन सुंभ भरून घेतलंय मी. यशवंत वास्कोहून आला होता, त्याला म्हटलं, आईला भेटायला येतोस तर काही काम करून जा.

वैशाली : नेते. मावशी, परसात काही लावलं नाही ह्या वर्षी? गेल्या जूनमध्ये मांडवावर दोडकीचे वेल चढले होते.

सत्यवती : लावू की. सवडीनं.

वैशाली : भिकाजीभाऊ, तुम्ही खाली का बघताय?

भिकाजी : माका काय म्हायत नाय.

वैशाली : बियाणं गेलं ना? मडकी लवकर उघडली म्हणून?

सत्यवती : सगळं नाही. भेंडी आहे. भाजीचं बी आहे थोडं. अळसांद्यांना भुंगा लागला, दोडकी सादळली. होतं असं. यंदा बाजाराची भाजी खाऊ.

वैशाली : तीस वर्षांचं बियाणं होतं ते. तुमच्या सासूबाईंपासूनचं.

सत्यवती : त्यातलंच मी माहेरी दिलंय, मोरजीला नणंदेला दिलंय, साखळीला भाचीला दिलंय. एका घरात ठेवलेलं बियाणं म्हणजे काय बियाणं? भाची परवा येतेय, मूठभर आणेल. तू कशाला तोंड पाडतेस? आणि आता तो भिकाजी तुला काय सांगायला घुटमळतोय ते ऐक.

भिकाजी : म्याडम, तुमचो खड्डो मी बुजवलंय. म्हणान आज सकाळी दुसरो खणलंय.

वैशाली : काय केलंत?

भिकाजी : वयनीच्या परसात, माडाखाली. सात फूट लांब, गुडघाभर खोल. परळांतली माती तेच्यात घाला, किडे सुटान राज्य करू देत. मुरूम घातलेल्या खड्ड्यापेक्षा बरो जमलोहा.

वैशाली : मलेरिया खात्याच्या माणसानं खड्डा खणला?

भिकाजी : हुकूम रस्त्याकडच्या खड्ड्यांचो. परसातलो खड्डो माझ्या वहीत नाय. आणि हयचे डास तुमचे किडे खातले, मग माझो एक फेरो वाचलो.

सत्यवती : फेरा वाचला म्हणून यायचा थांबू नको. चहाला कोण येणार मग?

* * *

(तीसेक वर्षांनंतर. फोनवर.)

सत्यवती : हॅलो? मोठ्यानं बोल, पाऊस पडतोय इथं. कोण?

वैशाली : मावशी, मी वैशाली! इचलकरंजीहून!

सत्यवती : तू होय! यशवंतनं हा नवीन फोन आणून दिलाय, त्यात तुझा फोटो दिसतो म्हणे. मला तर काळं दिसतं.

वैशाली : कानाला लावलाय म्हणून. असू दे. तब्येत कशी आहे?

सत्यवती : ब्याऐंशी चालू आहे. गुडघा तोच, दुखणं तेच. आता डोंगर चढायचं कारणही उरलं नाही, मोपेला विमानतळ होतोय, अर्धा डोंगर तिकडे गेला. यशवंत तिथंच कामाला लागलाय. सून चांगली आहे. भाजी लावते, पण बी पाकिटातलं आणते.

वैशाली : आणि तुम्ही गप्प बसता?

सत्यवती : कसली गप्प बसते! माझी मडकी वेगळी आहेत. तू बोल. फोन केलास म्हणजे काहीतरी आहे.

वैशाली : गेल्या महिन्यात निवृत्त झाले, मावशी. कॉलेजात निरोप समारंभ झाला. पोरापोरींनी भाषणं केली. एकीनं विचारलं, मॅडम, तुमच्या त्या किड्याचं पुढं काय झालं? गोव्यातल्या?

सत्यवती : मग काय सांगितलंस?

वैशाली : खरं तेच. प्रबंध झाला, पदवी मिळाली. कारखान्यात वाढवून गावोगावी सोडायचं ठरलं होतं, पण तिथं तो जगला नाही. पाणी, माती, ऊब, सगळं दिलं त्याला, वाट बघायला मात्र कुणी दिलं नाही. मग योजना बंद पडली. साहेब गेले, त्यालाही वीस वर्षं झाली. शेवटपर्यंत भेटले की विचारायचे, तुझ्या हळर्णच्या विद्यापीठाचं कसं काय.

सत्यवती : भला माणूस. मी त्यांना कधी बघितलं नाही, पण अळसांदे पाठवायची. आणि भिकाजीचं कळलं ना?

वैशाली : काय झालं?

सत्यवती : घाबरू नको, धडधाकट आहे. इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाला. बांद्याला काजूची बाग केलीय. शिमग्याला येतो, न चुकता. कानानं ऐकू येत नाही, म्हणून आता नुसतं तोच बोलतो. परवा येऊन माडाखालचा खड्डा बघून गेला.

वैशाली : अजून आहे खड्डा?

सत्यवती : सून बुजवायला निघाली होती. मी म्हटलं, मी गेल्यावर बुजव. दर पावसात भरतो, दर दिवाळीला आटतो. भिंग मला आता धरवत नाही. नातवाला म्हटलं बघ, तर तो म्हणतो, आज्जी, घाण आहे. त्यामुळे आत कोण आहे, कोण नाही, सांगणारं इथं कुणी नाही.

वैशाली : मावशी, एक विचारू?

सत्यवती : विचार.

वैशाली : मुलगी बंगळुरूला, हे त्यांच्या कामात. मला आता सकाळी उठून कुठं जायचं नसतं. म्हटलं, पाऊस लागलाय. एखादा महिना, सुनेला चालणार असेल तर. खोली रिकामी आहे का?

सत्यवती : सून दारातच उभी आहे, हसतेय. खोलीचं काय विचारतेस? पोदेर पाव घेऊन सकाळी सहाला येतो. त्याला उंडे किती सांगू, तेवढं बोल.